जुना फोटो फ्रेमला टाकताय? पट्टी, माउंट, बॅकिंग म्हणजे काय ते आधी समजून घ्या

अनेक घरांत आजी-आजोबांचा एकच फोटो उरलेला असतो. तो फ्रेम करून भिंतीवर लावला की काही पावसाळ्यांत काचेला चिकटतो, नाहीतर पिवळा पडतो. दुकानात आपण पट्टीच्या डिझाइनवर वेळ घालवतो, पण फोटो टिकतो तो आतल्या सामानावर.

पट्टी : फ्रेमची बाहेरची चौकट. लाकडी पट्टी मजबूत, पण वाळवीची भीती. सिंथेटिक पट्टी हलकी, तिला वाळवी लागत नाही. भाव अनेक ठिकाणी रनिंग फुटावर असतो. १२ बाय १८ इंची फोटोचा घेर ६० इंच, म्हणजे ५ फूट. चारही बाजूंनी २ इंच माउंट घेतलं तर घेर ७६ इंच, म्हणजे ६ फूट ४ इंच. कोपरे ४५ अंशांत कापताना थोडी पट्टी वाया जाते, ती वेगळी.

माउंट : फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची कड. ही नुसती शोभा नाही. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. दमट हवेत ते मऊ होऊन काचेला चिकटतं. माउंटमुळे दोघांत अंतर राहतं. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, म्हणून ‘ॲसिड-फ्री’ माउंट मागा.

काच : साधी काच स्वस्त, ओरखडे कमी. मोठ्या फ्रेमला ॲक्रिलिक हलकं पडतं आणि सहसा फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात.

बॅकिंग : मागचा हार्डबोर्ड. तो आणि फोटो यांच्यामध्ये ॲसिड-फ्री कागद घालायला सांगा. मागच्या फटी टेपने बंद केल्या की धूळ आणि कसर आत जात नाही.

हे टाळा : मूळ फोटो डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवू नका, लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात फ्रेम लावू नका. ओला हार घातला तर पाणी आत झिरपू शकतं.

फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर सोलून निघतो. काचेसकट स्कॅन करून घ्या. चांगल्या फोटोचंही आधी स्कॅनिंग करून भिंतीवर प्रिंट लावावी आणि मूळ फोटो कोरड्या जागी जपून ठेवावा, हे सगळ्यात सुरक्षित.