आद्य कादंबरीकार (भाग ६) : हरी नारायण आपटे आणि साप्ताहिकातली कादंबरी

पारोळे आज जळगाव जिल्ह्यात मोडत असले, तरी ८ मार्च १८६४ रोजी हरी नारायण आपटे यांचा तिथे जन्म झाला तेव्हा ते गाव अखंड खानदेश जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. मागील भागात ज्यांचा विचार केला त्या नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी १९५८ साली आपल्या इग्बो समाजाचे आतून चित्रण केले, पण त्यासाठी इंग्रजीचा आश्रय घेतला. हरिभाऊंनी जवळपास सात दशके आधी तेच काम मायबोलीत आणि घरोघरी जाणाऱ्या एका साप्ताहिकातून केले, आणि या दुसऱ्या गोष्टीचा त्यांच्या कादंबरीच्या घडणीवर समजला जातो त्याहून अधिक परिणाम झाला.

हरिभाऊंच्या आधी मराठीत कादंबरी नव्हती असे नाही. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले आणि विधवांच्या दुःस्थितीचा विषय त्याने प्रथम हाताळला. परंतु त्यातील कथा धर्मप्रचाराच्या हेतूला जखडलेली होती. पुढे लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) अद्भुतरम्य कादंबरीची, म्हणजे योगायोग, कपटकारस्थाने आणि संकटांतून सुटका यांवर चालणाऱ्या कथेची, वाट रूढ केली, तर रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगडा’ने (१८७१) इतिहासाचे दार उघडले. वाचकाच्या स्वतःच्या घरातील माजघर मात्र या कथांच्या बाहेरच राहिले होते.

पुण्यात शिकत असताना विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या प्रभावाखाली आलेल्या हरिभाऊंना पदवी मिळाली नाही, आणि पुढे चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पाहत त्यांनी लेखन केले. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली सामाजिक कादंबरी १८८५ साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः, म्हणजे अंकाअंकातून तुकड्यातुकड्याने, प्रसिद्ध होऊ लागली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. अशा लेखनात पुढचा मजकूर ठरल्या वारी छापखान्यात गेलाच पाहिजे, आधीचा भाग छापून गेल्यामुळे तो मागे घेता येत नाही, आणि वाचक आठवडाभर पात्रांसोबत राहत असल्याने मोठ्या घटनेपेक्षा सासूचा एखादा टोमणा किंवा स्वयंपाकघरातली कुजबूजही त्याला पुरते. हरिभाऊंचे वास्तवदर्शन, म्हणजे रोजच्या जगण्याचे बारीकसारीक तपशील कथेचा विषय करण्याची त्यांची पद्धत, केवळ पाश्चात्त्य वाचनातून आलेली नसून तिला या साप्ताहिक शिस्तीचेही पाठबळ होते. त्यांचा कुप्रसिद्ध पाल्हाळही त्याच मुळातून फुटलेला आहे, आणि अनेक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्याचे एक कारणही तिथेच शोधावे लागते.

‘पण लक्षात कोण घेतो!’ ही ‘करमणुकी’तूनच १८९० ते १८९३ या काळात वाचकांपुढे आली. याच दरम्यान, १८९१ साली, मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात सुधारक व सनातनी यांच्यात रण माजले होते. पदमनजींच्या नायिकेप्रमाणे या कादंबरीच्या नायिकेचेही नाव यमुना आहे; मात्र येथे ती स्वतःच आपली कहाणी सांगते. बालपण, सासर, लिहायला-वाचायला शिकवणारा पती रघुनाथ, त्याचा अकाली मृत्यू आणि नंतर शंकरमामंजींच्या हट्टाने झालेले केशवपन, म्हणजे विधवेच्या डोक्याचे सक्तीने केलेले मुंडन, हा सारा प्रवास घरातल्या बायकांच्या बोलीत येतो. सभांमधून जो प्रश्न आकडे आणि शास्त्रवचने फेकत लढवला जात होता, त्याला या निवेदनाने एका बाईचा आवाज दिला, आणि तो एका पुरुषाने लिहिलेला असूनही कुठे उसना वाटत नाही, ही मराठी कादंबरीतील खरी क्रांती होय.

‘मी’ या कादंबरीत हरिभाऊंनी समाजकार्यासाठी संन्यस्त वृत्तीने राहणारा भावानंद रंगवला, आणि तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाच्या (१९०५) कितीतरी आधी. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ आणि विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक लोकप्रिय झाल्या, परंतु सामाजिक कादंबऱ्यांची धार त्यांना नाही. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले हरिभाऊ ३ मार्च १९१९ रोजी निवर्तले.

त्यांची एक मर्यादा मात्र खानदेशच्या वाचकाला विशेष जाणवेल. जन्म खानदेशातला असला तरी त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांचे आहे. तापीखोऱ्यातला शेतकरी किंवा सातपुड्यातला भिल्ल त्यात शोधून सापडत नाही. खानदेशातल्या खेड्याला मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणणारी ‘कोसला’ १९६३ साली आली, आणि तिचे लेखक, यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे, हा पुढील भागाचा विषय आहे.