नदीकाठचा तंबू आणि रात्रीचा पूर

आखलेल्या जागा, बाके, चूल, स्वच्छतागृह आणि समोर वाहणारी नदी. अमेरिकेच्या वनखात्याच्या तळांवर अशा सोयी असल्याने जागा सुरक्षितच असणार, असा समज होतो. तो किती घातक ठरू शकतो, हे आर्कान्सॉ राज्यातील अल्बर्ट पाइक तळावर ११ जून २०१० रोजी पहाटे दिसले.

वॉशिटा राष्ट्रीय वनातील हा तळ लिटल मिसूरी नदीच्या अरुंद दरीत आहे. शेजारीच कॅनी क्रीकचे संरक्षित अरण्य. त्या रात्री मुसळधार पाऊस झाला. तीव्र उतारांवरून पाणी थेट नदीत आले आणि सुमारे ३ फुटांची पातळी काही तासांतच २३ फुटांवर गेली. हवामान खात्याने रात्री दोनच्या सुमारास इशारा दिला होता. परंतु दरीत मोबाइलची रेंज नव्हती. २० जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथील रात्रीचा मुक्काम बंद करण्यात आला.

तंबूसाठी जागा निवडताना सोयींआधी नदीपात्रापासूनची उंची पाहावी. निघण्यापूर्वी पावसाचा अंदाज घ्यावा आणि उंचावर जाणारी वाट दिवसाउजेडीच पाहून ठेवावी. पाणी वाढू लागताच सामान व गाडीचा मोह सोडून चढण गाठणे, हाच खरा बचाव.