नमुन्यातील विष कसे ओळखतात?

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जंतू राहतात. प्रतिजैविक औषधांनी त्यांचा नाश झाला, की ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ नावाच्या जंतूला मोकळे रान मिळते आणि रुग्णाला जोराचे जुलाब होऊ लागतात. १९३५ मध्ये हा जंतू प्रथम तान्ह्या बाळांच्या विष्ठेत सापडला; पण जुलाबांशी त्याचा संबंध स्पष्ट झाला तो १९७८ मध्ये. आतड्याला इजा होते ती त्याने सोडलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या विषांमुळे.

गंमत अशी, की या जंतूच्या काही जाती विष तयारच करीत नाहीत. शिवाय विषारी जात पोटात असूनही काहींना कसलाच त्रास होत नाही. मग विष्ठेच्या नमुन्यात शोधायचे तरी काय?

जुनी पद्धत अशी : नमुन्याचा गाळलेला द्रव प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवंत पेशींवर टाकावयाचा. विष असेल तर पेशी आकसून गोल होतात. प्रतिविष मिसळल्यावर हा परिणाम होत नसेल, तर विष याच जंतूचे. पद्धत खात्रीची, पण एक-दोन दिवस लागतात. म्हणून झटपट कसोट्या निघाल्या. त्या मुख्यतः तीन.

पहिली कसोटी जंतूच्या ‘जीडीएच’ या विकराचा शोध घेते. जंतू असेल तर ती सहसा चुकत नाही. परंतु हे विकर बिनविषारी जातींतही असते. दुसरी कसोटी प्रत्यक्ष विष शोधते. विषाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड वापरले, की रंग उमटतो. मात्र विष अगदी थोडे असेल, किंवा नमुना उबेत राहून ते विघटित झाले असेल, तर ही कसोटी फसते. तिसरी आहे ‘पीसीआर’. तीत विषाच्या जनुकाच्या प्रती दर फेरीला दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! त्यामुळे अत्यल्प जंतूही सापडतो. पण पाककृती हाती लागली म्हणजे स्वयंपाक झाला, असे नव्हे. जनुक असले तरी विष तयार होत असेलच असे नाही.

म्हणून अनेक प्रयोगशाळा पहिल्या दोन कसोट्या एकदम करतात. दोन्ही ‘नाही’ म्हणाल्या, तर हा रोग बहुधा नाही. दोन्ही ‘आहे’ म्हणाल्या आणि जुलाबही असले, तर रोग आहे. उत्तरे जुळली नाहीत तर ‘पीसीआर’ करतात. तीही ‘आहे’ म्हणाली, तर रुग्णाची लक्षणे पाहून डॉक्टरच निर्णय घेतात. जुलाब नसलेल्याचा नमुना तपासत नाहीत, तो याचसाठी.

चुकीचा ‘होकार’ मिळाला, तर रुग्णाच्या माथी नको असलेले औषध येते व आतड्यातील उपकारक जंतू पुन्हा मरतात. चुकीचा ‘नकार’ मिळाला, तर रोग बळावतो आणि जंतूचे चिवट बीजाणू शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचतात. तेव्हा कसोटी किती सूक्ष्मग्राही आहे, एवढेच विचारून भागत नाही. ती नेमके काय मोजते, हेही विचारावे लागते. हा नियम भौतिकीतील प्रत्येक उपकरणालाही लागू आहे.