अनारशाची जाळी आणि दारातली रांगोळी

दिवाळीत जेऊरच्या घरी मुलं जमली की पहाटे अंगणातल्या जागेवरून भांडण ठरलेलं. यंदा पुण्याहून गाडीनं आलेल्या नातीनं तुळशीपुढची जागा पटकावली. उंबऱ्यापुढची आजीला राहिली. आजीच्या वाटीत तांदळाची पिठी, नातीच्या डब्यात बाजारची रांगोळी. मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. चार ठिपके टाकून नात म्हणाली, "आजोबा, रांगोळीला रांगोळी का म्हणतात हो?"

मग काय, चहा गार झाला.

ऐक बाळा. जुना शब्द रंगावली. रंग आणि आवली. आवली म्हणजे ओळ. दिव्यांची ओळ ती दीपावली. तिची दिवाळी झाली, तशी रंगावलीची रांगोळी. तू वहीत जी ओळ लिहितेस, तीसुद्धा या आवलीचीच लेक.

"पण ल चा ळ कुणी केला?"

तुझ्या-माझ्या पणज्यांनी. फल म्हणता म्हणता फळ झालं, कमल म्हणता म्हणता कमळ. जात्यात दाणा भरडावा तसा शब्द माणसांच्या तोंडात भरडला जातो.

"ओळबिळ काही नाही," आजी खाली मान घालूनच म्हणाली. तिचं माहेर अक्कलकोटाकडचं. "आमच्या शेजारच्या कानडी बायका रंगवल्ली म्हणायच्या. वल्ली म्हणजे वेल."

आता आली का पंचाईत! आमचा सोलापूर जिल्हाच असा. शहरात तेलुगू विणकरांच्या दारात हिला मुग्गू म्हणतात. जुन्या मराठीत रंगमाळा असाही शब्द आहे. म्हणजे ही ओळ, वेल की माळ? उच्चाराच्या हिशेबानं मला ओळच पटते. पण आजीची पिठी तोवर उंबऱ्यापासून वळसे घेत पायरीपर्यंत गेली होती, म्हणून मी फार ताणलं नाही.

कला मात्र पुरातन. कामसूत्रातल्या 64 कलांच्या यादीत तांदळांनी आणि फुलांनी आकृत्या मांडणं आहे. सोलापूरच्या पलीकडं कल्याणीला चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात धूलिचित्र आहे. धूळ म्हणजे भुकटी. राजालाही भुकटीच लागली!

"मग ही भुकटी कशाची?" नातीनं चिमूट नाकाशी नेली.

दगडाची. आमच्या लहानपणी रांगोळीवाली डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि मापट्यानं रांगोळी घालायची. शिरगोळा नावाचा पांढरा, मऊसर दगड कुटून ती केलेली असे. आता बहुतेक कारखान्यातली, डोलोमाइटची किंवा संगमरवराची. पण काळ्या दगडाच्या या मुलखात पांढरा दगड येतो कुठून, ही खरी गंमत.

मी ताटलीतला अनारसा मोडून तिच्या हातावर ठेवला. "जाळी बघ." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. थरावर थर चढले. लाव्हा थिजताना आतली वाफ आणि वायू अडकून बुडबुडे राहिले, तीच दगडाची जाळी. पुढं लाखो वर्षं त्या भोकांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतून पांढरे थर धरत गेले. विहीर खणताना काळ्या दगडात पांढरे खडे लागतात, ते हेच. कुठं गारगोटी, कुठं कॅल्साइट.

"पाण्यातून दगड? काहीतरीच."

मग तिला न्हाणीघरात नेलं. आमच्या बोअरचं पाणी जड. बंबाच्या आत बोटभर पांढरी खपली धरलेली. एक तुकडा काढून त्यावर लिंबू पिळलं. फसफस करत बारीक बुडबुडे आले. ही खपली आणि कॅल्साइट एकाच पदार्थाचे. विहिरीतले दोन खडे जपून ठेवले होते. एकावर पिळलं, तोही फसफसला. दुसरा ढिम्म. ती गारगोटी. ती काचेवर ओरखडा काढते, कॅल्साइटला तर खिळ्यानंही ओरखडा पडतो. मऊ असतो तोच कुटायला सोपा.

परत अंगणात आलो तर नातीला नवाच प्रश्न. तिची रांगोळी चिमटीतून सरसर सुटत होती, आजीची पिठी मात्र अडत, गुठळ्या होत पडत होती. पिठाचा कण इतका हलका की शेजाऱ्याला चिकटला की त्याचं वजन त्याला सोडवू शकत नाही. रांगोळीचा कण भरड, जड. तो स्वतःच्या भारानं सुटतो. म्हणून पिठीची रेघ सरळ ओढायला हात मुरलेला लागतो. आजी हसली, पण हात थांबवला नाही.

दुपारी फराळ करून सगळे आडवे झाले. चारच्या सुमाराला नातीनं हाका मारून मला उठवलं. तुळशीपुढची रांगोळी जशीच्या तशी होती. उंबऱ्यापुढच्या वेलीची मधली दोन पानं गायब. पायरीच्या फटीतून मुंग्या निघाल्या होत्या, आणि एकेक पांढरा कण तोंडात धरून भिंतीकडं चालल्या होत्या.

"आजी, तुझी वेल चालली बघ," नात ओरडली, "ओळीनं!"

आजी पदर खोचत बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे. त्यांचीपण दिवाळी आहे." आणि उरलेली पिठी तिनं फटीच्या तोंडाशी नेऊन ठेवली.