परत जाणारी गाडी चालवायची का?

जालन्याहून संभाजीनगरला जाताना शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो. स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात आहे, त्याची लबाडी सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत उघडी पडली. डिझेल गाडी चाचणीपुरती स्वच्छ, रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत! आपल्याकडे तीन लाखांहून जास्त गाड्या सॉफ्टवेअर बदलायला बोलावल्या. अमेरिकेत मात्र २०१६च्या तडजोडीने कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या.

आता मालकाचा पेच बघा. पाळी येईपर्यंत चालवायची की उभी करायची? किंमत धरली सप्टेंबर २०१५ची, आणि वर्षाला १२,५०० मैलांपर्यंत चालवली तरी ती घटत नव्हती. चालवायला सरकारची बंदीही नव्हती. म्हणजे पैसा आणि कायदा दोघंही म्हणतात, चालव. बहुतेक जण इथंच थांबतात. पण ब्रेक सदोष असते तर? चावी लगेच खिळ्याला टांगली असती, कारण मरणार आपण. इथं धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही.

आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीने सदोष गाडीची पूर्ण किंमत परत देण्याची तरतूद आली आहे. उद्या ही वेळ तुमच्यावर आली, तर गाडी उभीच करा असं मी म्हणणार नाही. रात्री दवाखाना गाठायचाय, दुसरं वाहन नाही, तर चालवावीच. पण ‘भरपाई कुठं कमी होतेय?’ हे कारण पुढं करू नका. त्यात फक्त आपलं नुकसान मोजलेलं असतं. मंडईत जायला रिक्षा आहे की.