विश्लेषण : ‘जीबीएस’चे निदान एकाच चाचणीवर का होत नाही?

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘गुलेन बॅरे सिंड्रोम’चे (जीबीएस) रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले आणि तोवर डॉक्टरांपुरते असलेले हे नाव घरोघरी पोहोचले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. पाणी, विहीर, टँकर यांवर भरपूर चर्चा झाली. मात्र पायांतली ताकद गेलेल्या माणसाला जीबीएसच झाला आहे, हे डॉक्टर ठरवतात कसे, हा प्रश्न मागेच राहिला. रोजच्या आकडेवारीत ‘संशयित’ आणि ‘निदान झालेले’ असे वेगळे आकडे का असायचे, याचे उत्तरही त्यातच आहे.

नेमके बिघडते काय?

मेंदू आणि मज्जारज्जूतून निघून हातापायांच्या स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसांची रचना विजेच्या वायरसारखी असते. आत संदेश वाहून नेणारा तंतू, त्यावर मायलिनचे आवरण. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच कधी आवरणावर, तर कधी थेट आतल्या तंतूवर हल्ला करते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला झालेला असतो. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्याच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या नसांवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नसांवरही तुटून पडतात.

पहिली तपासणी रबरी हातोडीची

अशक्तपणा बहुधा दोन्ही पायांत सुरू होऊन वर चढतो. पक्षाघातात साधारणतः शरीराची एकच बाजू लुळी पडते, हा पहिला फरक. गुडघ्याखाली हातोडीने हलके मारल्यावर पाय उडाला नाही, तर संशय बळावतो. पण एवढ्यावर थांबता येत नाही. रक्तातील पोटॅशियम घसरले तरी हातपाय गळून जातात आणि ते साध्या रक्तचाचणीत कळते. छाती किंवा पोटावरच्या ठरावीक रेषेखाली संवेदना गेली असेल आणि सुरुवातीपासूनच लघवी अडली असेल, तर मज्जारज्जूवर दाब आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय तातडीने लागतो.

शाळेतले गणित, रुग्णालयात

यानंतर ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणी. मनगटावर विजेचा सौम्य झटका दिला की अंगठ्याच्या बुडाशी लावलेल्या इलेक्ट्रोडवर स्नायूचा प्रतिसाद उमटतो. समजा, त्याला ३ मिलिसेकंद लागले. तोच झटका कोपरापाशी दिल्यावर ७ मिलिसेकंद लागले. दोन जागांतील अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर संदेशाने ४ मिलिसेकंदांत ते कापले, म्हणजे वेग सेकंदाला ५५ मीटर. हातासाठी हा वेग ठणठणीत. आवरण खराब झाले की वेग मंदावतो. आतला तंतूच तुटला असेल, तर वेग फारसा घटत नाही, पण प्रतिसादाची उंची कोसळते. नुकसान कुठे झाले, हे नसेला सुरी न लावता असे कळते.

अडचण बिघाड स्नायूत असण्याची. त्यासाठी बारीक सुई स्नायूत घालून ‘ईएमजी’ करतात. ‘मायस्थेनिया’ या आजारात नस आणि स्नायू दोन्ही धड असतात, बिघाड असतो त्यांच्या जोडावर. तिथे नसेला सेकंदाला साधारण तीन झटके देत राहिले की प्रतिसाद उतरत जातो.

‘नॉर्मल’ अहवालाचा चकवा

जॉर्ज गीयाँ, जाँ-अलेक्झांडर बारे आणि आंद्रे स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांची नोंद केली. त्यांच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात प्रथिने वाढलेली होती, पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. ही खूण आजही कामाची आहे. (आजाराच्या नावातून स्ट्रोल गळाले ते गळालेच.)

पण पहिल्या आठवड्यात अनेक रुग्णांत ही प्रथिने वाढलेली नसतात. नर्व्ह कंडक्शनचा अहवालही सुरुवातीचे काही दिवस सामान्य येऊ शकतो. म्हणून चालता न येणाऱ्या रुग्णाला ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी नेणे धोक्याचे ठरते. जाणते डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात आणि चाचणी पुन्हा करतात.

या काळात खरी नजर ठेवायची ती श्वासावर. एका दमात रुग्ण किती अंक मोजतो, ही खाटेजवळची जुनी युक्ती. निरोगी माणूस विसाच्या पुढे सहज जातो. तो आकडा रोज घसरत असेल, तर ऑक्सिजनची पातळी चांगली दिसत असतानाही अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. जीबीएसच्या सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो.

उपचार दोनच : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून देतात. ६० किलोच्या रुग्णाला १२० ग्रॅम लागते, खर्च वाढतो तो इथे. स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही. मात्र ‘सीआयडीपी’ या मिळत्याजुळत्या, पण आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहणाऱ्या आजारात त्याच स्टिरॉइडने फरक पडतो. त्यामुळे पायांतली ताकद कोणत्या दिवशी कमी होऊ लागली, ही तारीख नातेवाइकांनी लिहून ठेवलेली बरी. डॉक्टर ती पुन्हा पुन्हा विचारतात.