‘चांगभलं’ कोणाचें?

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीवर, म्हणजे ज्यास अवघा महाराष्ट्र जोतिबाचा डोंगर म्हणतो तेथें, लाखों माणसें लोटतात. कोल्हापुरापासून दहा-अकरा मैलांवरील या स्थानीं गांवोगांवच्या सासनकाठ्या येतात. गुलालानें देऊळ, रस्ता व माणसें एकाच रंगाचीं होतात. आणि पालखी यमाईच्या देवळाकडे निघाली म्हणजे एकच घोष उठतो, ‘जोतिबाच्या नांवानं चांगभलं!’ या घोषाचा अर्थ काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न भाबडा वाटेल. चांगभलं म्हणजे चांगलें व भलें होवो, हें लहान पोरही सांगेल. पण कोणाचें? नवस बोलणारा आपल्यापुरतें मागतो. चांगभलं म्हणणारा शेजारच्या अनोळखी माणसासही त्या मागण्यांत घेतो. कोर्टाच्या भाषेंत बोलावयाचें तर या अर्जांत अर्जदाराचें नांवच लिहिलेलें नाहीं. आमच्या मतें या यात्रेंतील धर्म मुख्यतः या एका शब्दांत सांठविलेला आहे, आणि यात्रेच्या धांदलींत नेमका तोच हरवतो.

धांदल वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. रबीचें पीक पदरांत पडल्यावर कुणबी चार दिवस घराबाहेर पडतो, नारळ, खोबरें, दवणा, मुलांस खेळणीं घेतो. त्यावर कित्येक गरीब दुकानदारांचें वर्षाचें पोट चालतें. त्यांस नाक मुरडणें हा रिकामटेकड्यांचा धर्म होय. परंतु दर्शनाच्या रांगेंत लेंकुरवाळी बाई ढकलली जाते आणि ढकलणाऱ्याच्या तोंडीं ‘चांगभलं’च असतें; भेसळीचा गुलाल मूठमूठ उधळून दुसऱ्याच्या डोळ्यांची व श्वासाची दैना केली जाते; पाण्याच्या रिकाम्या बाटल्या डोंगरउतारावर भिरकाविल्या जातात. येथें शब्द आणि कृति यांची फारकत झाली, असें म्हणणें भाग आहे.

ही तक्रार आपल्याच वांट्यास आलेली नाहीं. खरेदी व मेजवान्यांच्या गडबडींत गोठ्यांत जन्मलेल्या बालकाची आठवण राहत नाहीं, असें नाताळाविषयीं ख्रिस्ती धर्मोपदेशकही म्हणत आले आहेत. इंग्लंडांत १६४७ सालीं पार्लमेंटानें नाताळचा सणच कायद्यानें बंद केला. १६६० सालीं राजा परतला, त्यामागोमाग सणही मेजवान्यांसह परतला! आमच्याकडे २०२० व २०२१ सालीं साथीमुळें चैत्री यात्रा भरली नाहीं. त्या दोन वर्षांत डोंगर स्वच्छ व शांत राहिला, हें खरें. पण माणसांवांचून कोणाचें भलें चिंतावयाचें? तेव्हां यात्रा बंद करा म्हणणाऱ्या सुधारकांशीं आमचें जमणें नाहीं.

महात्मा जोतीराव फुले यांचें नांव याच दैवतावरून ठेविलेलें. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत त्यांनीं जोतिबास बळीराजाच्या राज्यांतील एक अधिकारी मानिलें. ही मांडणी इतिहासाच्या कसोटीस किती उतरते, हा वाद निराळा. परंतु प्रजेच्या बऱ्यावाईटाचा जाब ज्यास द्यावा लागतो असा अधिकारी म्हणजे देव, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. अशा देवाचें नांव घेऊन शेजाऱ्यास कोपर मारतां येत नाहीं.

माघांतील रविवारीं कोल्हापुराहून जे लोक खेटे घालतात, त्यांची रीत पाहावी. रुसून निघालेल्या जोतिबास परत आणण्यासाठीं अंबाबाई अनवाणी चालत गेली, अशी कथा आहे. म्हणून हेही पहाटे पायीं निघतात. त्या वाटेवर कोणी दमून बसला तर मागून येणारा ‘काय झालं, पाव्हणं?’ म्हणून थांबतो. तोच माणूस चैत्रांत त्याच डोंगरावर थांबत नाहीं, याचें कारण त्याची श्रद्धा आटली असें नसून, त्यास थांबावयास जागाच उरत नाहीं, हें असावें. जागा करणें हें काम मात्र केवळ पोलिसांचें व देवस्थान समितीचें नव्हे.

तें गांवांनीं करावें. सासनकाठी तीस फुटांहूनही उंच असते. एक जण ती पेलतो, बाकीचे चहूंबाजूंनीं दोर ताणून तिचा तोल सांभाळतात. एवढी शिस्त ज्या मंडळींस साधते, त्यांस रांगेंतील म्हाताऱ्यांस वाट करून देणें व आपला कचरा आपल्या गाडींतून परत नेणें अवघड नाहीं. गुलालाच्या खर्चांतून चौथाई काढून काठीमागें पिण्याच्या पाण्याचा एक हंडा चालवावा, अशी आमची सूचना आहे. काठ्यांच्या क्रमाचा मान गांवें पिढ्यान्‌पिढ्या जपतात. पहिला मान पाडळीचा, हें सर्वांस ठाऊक आहे. हंड्याचा पहिला मान कोणत्या गांवाचा, हें अद्याप ठरावयाचें आहे.